जतन केलेली हवा

पुणे, १२ नोव्हेंबर २००६

ती. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

कापूस खरेदी केंद्र बंद असल्याने तुमचा ट्रक तीन आठवडे पांढरकवड्यातच उभा आहे, हे आईकडून कळले. तरीही हे लिहिते, दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून.

रेल्वेचालकांच्या सरावाचा जो सिम्युलेटर मी तपासते, त्यात चूक सापडली. घाट उतरताना वारंवार ब्रेक लावला की डब्यांच्या टाक्यांतली, ब्रेक चालवणारी हवा कमी होते. सिम्युलेटरमध्येही होते. पण फेरी मध्येच सेव्ह करून पुन्हा उघडली, की वेग आणि जागा तीच राहते, हवा मात्र अठ्ठावन्न डब्यांत पूर्ण भरलेली येते. हवेचा आकडा सेव्ह होतच नाही. देवीलाल नावाचे शिकाऊ चालक हसत म्हणाले, मॅडम, ब्रेक ढिला पडला की आम्ही फेरी सेव्ह करून चहाला उठतो. परत आलो की गाडी ताजी. सगळी तुकडी अशीच पास होते आहे.

तीस तारखेला साहेबांना सिम्युलेटरच्या मंजुरीच्या कागदावर माझी सही हवी आहे. मी करणार नाही.

लोभ आहेच, या पत्रानंतरही राहावा.
आपली,
प्रियंका

पांढरकवडा, १८ नोव्हेंबर

चि. प्रियंकास,
जय भीम आणि मंगलकामना.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझी आई म्हणते, सही केल्यानं हात झिजते काय? पोरीनं एवढी जिद्द कोणाची घेतली म्हणून माह्याकडंच पाहून राह्यली.

हवेचं मले समजते. आदिलाबादच्या रस्त्यानं उतारावर मी एकदा सारखा ब्रेक दाबत गेलतो. हवेचा काटा खाली आला, पायाखाली काहीच नाही. गाडी बाभळीत घातली म्हणून आज लिहून राह्यलो. पण बाई, घर सध्या तुह्याच पगारावर आहे. काहून अडून बसतं? सही करून टाक, अन् त्या चालकांले तोंडी बजावून ठेव. दोन्ही साधते.

रागावली तरी पत्र टाकत जा.
तुझा बाबा,
धर्मपाल

पुणे, ४ डिसेंबर

ती. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

तोंडी मी या तुकडीला सांगेन. पुढच्या तुकडीला माझी सही दिसेल, मी दिसणार नाही. म्हणून तुमचे ऐकले नाही. बाभळीचे आईला तरी सांगितले होते का?

सही केली, पण 'नामंजूर' या शब्दाखाली. फेरी उघडण्याआधीचे आणि नंतरचे हवेचे आकडे जोडले. या तुकडीची परीक्षा पुन्हा, मध्ये न थांबता घ्यावी, असेही लिहिले. देवीलाल आता माझ्याशी बोलत नाहीत.

साहेबांनी विचारले, यवतमाळहून येऊन आम्हाला रेल्वे शिकवता का? मी म्हटले, रेल्वे नाही, वजाबाकी. मग राजीनामा मागितला. दिला नाही. काढायचे असेल तर कारण लेखी द्या, म्हटले. चार दिवस झाले, कारण लिहायला कोणी पेन उचललेले नाही. मी रोज नऊला माझ्या खुर्चीवर असते.

आईचा राग निवला की तिलाही माझा जय भीम सांगा.
आपली,
प्रियंका