एका पायावरचं घर

आई, माझा पाय मोडला. उजवा घोटा. ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि स्क्रू बसवलेत, आणि मी अजून माझ्या गाडीतच राहते आहे. हे शेवटचं तुला आवडणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकलं. ही गाडी तू पाहिलेली नाहीस. तू गेलीस तेव्हा आम्ही हूफडॉर्पच्या त्या डच गावात होतो, मधोमध उभा जिना असलेल्या त्या घरात. पुढे तुझे जावईही गेले, लेक नोकरीला लागून डीमनला राहायला गेली, आणि मी ते भाड्याचं घर सोडून एक जुनी, छोटी मोटरहोम घेतली. ब्रेडाच्या बाहेर एका शेतावरच्या कॅम्पिंगच्या जागेत ती उभी असते. आत एक पलंग, दोन शेगड्यांचा ओटा, एक टेबल आणि टेबलावर माझं शिलाई मशीन. इथल्या आपल्या बायकांचे ब्लाउज शिवते, त्यावर माझं भागतं. पडले तीही याच गाडीच्या पायरीवरून, ओल्या गवतात. म्हणजे बोलणाऱ्यांना आयतंच निमित्त मिळालं.

हॉस्पिटलमधून सोडताना नर्सने विचारलं, घरी जिना आहे का. मी म्हटलं, एक पायरी आहे, ती चढलं की घर सुरू होतं आणि लगेच संपतं. नर्स हसली. लेक हसली नाही. तिने तिच्या फ्लॅटमधली एक खोली माझ्यासाठी रिकामी करून ठेवली होती. लिफ्ट आहे, मोठं बाथरूम आहे, आणि खिडकीशी नवीन आरामखुर्ची. त्या खुर्चीचा फोटो तिने मला फोनवर दाखवला, आणि आई, मला त्यात तू बसलेली दिसलीस.

साताऱ्याचा फ्लॅट. बाथरूममध्ये घसरून तुझं खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन चांगलं झालं होतं, डॉक्टर स्वतः चाला म्हणत होते. पण दादा-वहिनीने तुला खिडकीशी बसवलं. मायेनेच बसवलं, त्यात खोट नव्हती. पाणी हातात, ताट हातात. मी सुट्टीला आले, तेव्हा घरात कुणी नाही बघून तू हळूच म्हणालीस, "मला जरा ओट्यापर्यंत ने." मी नेलं. तू वॉकर धरून उभी आहेस, आधण ठेवतेस, आलं किसतेस, साखरेचा डबा भलत्याच जागी ठेवलाय म्हणून पुटपुटतेस. आजारपणानंतर पहिल्यांदा तुझा आवाज तुझा वाटतो. तेवढ्यात दोघं परत आली. वहिनी घाबरली. दादा म्हणाला, पुन्हा पडलीस तर कोण बघणार? मी त्याच्याशी भांडले, आणि तू रागावलीस ती माझ्यावर. "राहू दे. सगळ्यांशी हट्ट करतेस. हाच हट्ट एक दिवस तुला नडेल." आणि वळून खुर्चीकडे गेलीस. चहा वहिनीने गाळला. त्यानंतर तू ओट्याशी कधी गेली नाहीस. तुझं हाड जुळलं होतं, आई. तू बसून राहिलीस ती हाडामुळे नाही.

म्हणून मी डीमनला नाही म्हटलं. लेकीने मला गाडीपर्यंत सोडलं. पायरीवर मी पाठमोरी बसले आणि ढुंगण सरकवत आत गेले. शोभेचं नव्हतं, पण गेले. मोडलेल्या पायाला ही गाडी वाईट नाही, कारण तोल जायलाच जागा नाही. एक हात ओट्यावर, दुसरा कपाटाला, की मी पलंगापासून शेगडीपर्यंत पोचते. रक्त गोठू नये म्हणून रोज पोटात इंजेक्शन घ्यायचं होतं, ते माझं मीच टोचायला शिकले. मशीनचं पेडल टेबलावर ठेवलं आणि डाव्या कोपराने दाबून शिवू लागले. पहिली बाही वाकडी गेली, उसवली, पुन्हा शिवली. शेताची मालकीण, माझ्याच वयाची बाई, सकाळी कोंबड्यांकडे जाताना दारातून विचारायची, "लुक्ट हेट?" म्हणजे जमतंय का. जमतंय म्हटलं की पुढे जायची. नाही म्हटलं तर थांबायची. पाण्याचा कॅन तिनेच भरून दिला, मी मागितल्यावर. आपल्याकडे जमतंय का असं कुणी विचारत नाही गं, उठून करूनच टाकतात.

मग एका रविवारी लेक मला न्यायलाच आली. रिकामी बॅग घेऊन. मी तिला पलंगावर बसवलं आणि स्टुलावर बसून पोहे करायला घेतले. ती सारखी उठत होती, कांदा मी चिरते, कढई मी उतरवते. मी म्हटलं, "बस. मी मागेन तेव्हा दे." ती एरवी माझ्याशी इंग्रजीतच बोलते, मध्येच डच. मी हट्टी आहे, स्वार्थी आहे, तिला माझ्या काळजीने झोप लागत नाही, हे सगळं तिने इंग्रजीत सांगितलं. आणि मग मराठीत म्हणाली, "पडलीस तर कोण बघणार?"

दादाचंच वाक्य. तिला ते कुणी शिकवलेलं नाही. मला राग यायला हवा होता, पण तिचे डोळे भरले होते. "पडले तर तू बघ," मी म्हटलं. "पडायच्या आधीपासून नको." तिने बशी पुढे ओढली. मग पोहे खाल्ले, लिंबू मागितलं. बॅग रिकामीच परत नेली.

आता प्लास्टर निघालंय. कुबडी घेऊन शेताच्या फाटकापर्यंत जाऊन येते. संध्याकाळी घोटा सुजतो, आणि गाडी चालवायला अजून परवानगी नाही. हट्ट नडला असता, हे मला मान्य आहे. नडला नाही, हे तू मान्य कर.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत. पत्ता असता तरी पाठवले नसते, कारण उत्तरात तू मलाच बोलली असतीस. फक्त एक राहिलं. त्या रविवारी निघताना लेकीने न विचारता कंगवा घेतला आणि मागे बसून माझे गुंतलेले केस विंचरून वेणी घातली. मी नको म्हटलं नाही. पुढच्या रविवारी ती येणार आहे, आणि मी सकाळपासून केस तसेच ठेवणार आहे.