समदचे अभिप्राय

१८ नोव्हेंबर

समदने पुन्हा तेच केलं! मिठागरांचा इतिहास परत आला आणि मोबाईलवर त्याचा आवाज — ‘चांगदेव, किताब छान हाय. आवडली.’ संपलं. एवढ्या जाडजूड ग्रंथावर एवढंच!

अब्दुस्समद हायस्कूलपासूनचा माझा दोस्त. जन्मभर मस्कतला नोकरी केली, आता खाडीपलीकडे दिघीत राहतो. मी इकडे मुरुडात. आमचा जुना नियम — एकाने सुचवलेलं पुस्तक दुसऱ्याने वाचायचं आणि खरं मत द्यायचं. भीडभाड नाही. माझी सून मृणाली रोज आगरदांड्याहून फेरीबोटीने पलीकडच्या शाळेत शिकवायला जाते, पुस्तकांची पिशवी तिच्याच हातून जाते-येते. पूर्वी पुस्तकाबरोबर समदचे फुलस्केप कागद यायचे, दोन्ही बाजूंनी भरलेले. ‘हा तुझा इतिहासकार राजाच्या पंगतीत बसून लिहितो, भांडी कोणी घासली ते विचारत नाही’ — असली वाक्यं! मी चिडायचो. दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही. मग कुठेतरी भाजी निवडताना पटायचं की गृहस्थ बरोबर बोलतोय.

आता वर्षभर सगळंच ‘छान’. मला छान-छान म्हणणारे गावात पुष्कळ आहेत. त्यासाठी खाडी ओलांडायची गरज नाही.

२१ नोव्हेंबर

शेवटी फोन केला. म्हटलं, मिठागरांच्या इतिहासात नेमकं काय आवडलं ते सांग.

म्हणाला, ‘ती म्हातारी. मिठाच्या ढिगाशी बसून राहते ती.’

माझ्या प्रतीत म्हातारी नाही! दुपारभर पुस्तक पुन्हा चाळलं. करार आहेत, जकात आहे, गोऱ्या साहेबांचा पत्रव्यवहार आहे. म्हातारी औषधालाही नाही.

म्हणजे पान उलटलेलं नाही आणि वर थापा मारतोय. मला! मी जन्मभर वर्गात गृहपाठ न केलेली पोरं तोंडावरून ओळखली. आता आवाजावरूनही ओळखतो.

२२ नोव्हेंबर

मृणाली म्हणते, आबा, एकदा जाऊन या की तुम्ही. हल्ली धक्क्यावर पिशवी घ्यायला चाचीच येतात. चाची म्हणजे जैबुन्निसा, समदची बायको.

बघा! साहेबांना आता धक्क्यापर्यंत यायचेही कष्ट नकोत. पूर्वी महिन्यातून एकदा इकडे यायचा, ओटीवर बसून चहा पीत माझ्या लाडक्या लेखकांची सालं काढायचा. तेही बंद. कारण विचारलं की ‘बघू, येतो’. तो येत नाही तर मी का जावं? गुडघे मलाही आहेत.

२७ नोव्हेंबर

वाचनालयाच्या ग्रुपवर प्रज्योतने एका ऐतिहासिक कादंबरीची शिफारस टाकली. हा प्रज्योत वाचनालयाचा चिटणीस. ‘घराघरांत हवा असा ज्वलंत इतिहास!’ अरे, कादंबरी आहे ती! त्यात घोड्याच्या मनातले विचार दिलेत. मी लिहिलं — या घोड्याचे कागद कोणत्या दप्तरात सापडले ते कळेल का? उत्तरादाखल दोन अंगठे आणि कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक.

शिफारस ही जोखीम आहे. दुसऱ्याच्या आयुष्यातले आठ दिवस मागतो आपण. या लोकांना पुस्तकाचं मुखपृष्ठ पुरतं.

एका माणसाने माझ्याशी वाद घातला असता. म्हणाला असता, चांगदेव, घोड्याचं मन दप्तरात सापडत नाही म्हणूनच कादंबरी लागते. तो आहे ग्रुपवर. गप्प आहे.

फार राग येतो त्याचा. त्याच्याइतका राग येण्याच्या लायकीचं दुसरं कोणी उरलं नाही, हेही खरं.

२ डिसेंबर

आज सापळा लावला.

बंदरावर नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईची एक जुनी कादंबरी आहे आमच्याकडे. नावाजलेली नाही, पण माझी आवडती. तिची शेवटची पानं वाळवीने खाल्लीत. लांबून गलबताचं शीड दिसतं, बाई धावत सुटते — आणि पुठ्ठा! मी ती तरुणपणी सबंध वाचली होती. गलबत येतं, नवरा नसतो.

तीच प्रत पाठवली. बरोबर निरोप — अवश्य वाच, शेवटाबद्दल तुझं मत हवं. वाचली तर पहिला प्रश्न येईल की पानं कुठायत. नाही वाचली तर कळेलच.

१३ डिसेंबर

समदचा आवाज आला. ‘चांगदेव, शेवट लय आवडला. डोळ्यांत पाणी आलं, खुदाची कसम.’

सापडला! वर कसमसुद्धा खातो.

१४ डिसेंबर

ग्रुपवर लिहून टाकलं. नाव घेऊन. ‘शेवटची पानं नसलेली कादंबरी मी एका सभासदांना पाठवली. त्यांना शेवट इतका आवडला की रडू आलं! पुस्तक न उघडता अभिप्राय देणारे आमचे मित्र अब्दुस्समदभाई यांचं अभिनंदन.’

हसरी तोंडं धडाधड पडली. प्रज्योतने टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं जीव तोडून लिहितोय, एवढी दाद कधी मिळाली नव्हती.

संध्याकाळी समद ग्रुपमधून बाहेर पडला.

बरं वाटायला हवं होतं.

१८ डिसेंबर

मृणालीने विचारलं, आबा, पिशवीत काय देऊ? म्हटलं, काही नाही. तिने आमटीची वाटी ताटात आपटली.

२१ डिसेंबर

नवा ग्रंथ आलाय — खाडीतल्या जहाजबांधणीवर. लेखकाने तळटिपा दिल्यात पण सुतारांची नावं दिली नाहीत. समदने फाडून खाल्लं असतं याला. मी एकट्याने किती फाडू?

२३ डिसेंबर

कादंबरी परत आली. धक्क्यावर जैबुन्निसा मृणालीला जे बोलली, ते मृणालीने मला उभ्या उभ्या सांगितलं. जसंच्या तसं लिहितो.

‘तुज्या सासऱ्यांना सांग, आमचे हे झूट न्हाय बोलले. वरीस झालं, शुगरने त्यांची नजर गेली. किताबं मी वाचून दाखवते. मी उर्दू शाळेतली, मराठी अक्षरं जोडत जोडत वाचते. कठीण आलं की माज्या मनाचं सांगते. त्या मिठाच्या किताबात एक पन बाई न्हवती, म्हनून म्हातारी घातली. चांगदेवला सांगू नको म्हनाले. कळलं तर दया करील, भांडनार न्हाय. ग्रुपवरचं पन मीच वाचून दाखवलं.’

मृणालीने तिला विचारलं, चाची, मग या कादंबरीचा शेवट काय केलात?

‘घरी आनला तिच्या नवऱ्याला,’ म्हणाली.