दोघेही सातचे

मी तुळजाबाई, कैलासवासी मोहनराव देशमुखांची बायको, राहणार नांदूरघाट, तालुका केज, जिल्हा बीड, वय पन्नासच्या आतबाहेर, हा कागद राजीखुशीने, पटवाऱ्याच्या हातून लिहवून ठेवते. पोटातली गाठ मला दिवाळी दाखवणार नाही, पण डोके जागेवर आहे. ते जागेवर नाही असा कागद माझा मुलगा विठ्ठलराव याने हैदराबादेत तयार केला आहे. तिथल्या विद्यापीठात तो पोरांची बुद्धी मोजतो. गेल्या दिवाळीत त्याने मलाही समोर बसवून प्रश्न विचारले. जन्मदात्या आईला! त्याला जमीन विकायची आहे, एवढे मला न मोजता कळते.

कलम पहिले. यजमानांनी माझ्या नावे करून दिलेली चोवीस एकर काळी जमीन, विहीर आणि राहते घर सवतीचा मुलगा बद्रीनाथ याला मिळावे. सवतीच्या पोरावर माया उतू गेली असे गाव म्हणेल. माया नाही, कारण वेगळे आहे.

कलम दुसरे. सवत बायनाबाई तापाच्या साथीत गेली तेव्हा बद्री दोन महिन्यांचा आणि माझा विठ्ठल चार महिन्यांचा होता. दोघांना मीच पाजले. फसली १३३५ साली विद्यापीठाचे एक साहेब मुलांच्या वाढीचा अभ्यास करायला गावात आले. त्यांनी दोघांना ठोकळे रचायला लावले, आकडे उलटे म्हणायला लावले. दोघांना सारखेच जमले. मग वय विचारले, कारण शेरा वयावरून ठरायचा. यजमान केजच्या कचेरीत गेले होते. मी पडद्याआडून सांगितले, बद्री दहाचा, विठ्ठल पाचचा. बद्री अंगाने थोराड, विठ्ठल किरकोळ, साहेबांना पटले. दगडाबाई सुईण कुजबुजली, "बाई, आवो दोगं बी सातचेच हायेत की!" तिचे सालाचे धान्य मी त्या दिवसापासून बंद केले.

साहेबांनी उर्दूत लिहून दिले: विठ्ठल असामान्य हुशार, बद्री कुंदजेहन, म्हणजे मंद. यजमानांनी शेरा वाचला, वय वाचले नाही. विठ्ठल शिकायला हैदराबादेस गेला आणि बद्री गुरांमागे. हे मी जाणूनबुजून केले आणि सतरा वर्षे सुखाने झोपले.

कलम तिसरे. विठ्ठलरावाने तो कागद काचेत मढवून भिंतीला लावला आहे. त्याने आता त्यातले वय दुरुस्त करावे आणि स्वतःची बुद्धी नव्याने मोजावी. माझ्याकडून त्याला एवढेच. सुनेचा डोळा असलेली माझी नथ दगडाबाईला, बंद केलेल्या धान्यापोटी.

कलम चौथे. बद्रीचा मुलगा बंकट आज सात वर्षांचा आहे. त्याला न पाहताच विठ्ठलरावाने लिहून कळवले की मंदपणा रक्तातून येतो, पोराला शाळेत घालू नये. बंकटला मृगाआधी केजच्या शाळेत घालावे. न घातल्यास सगळी जमीन परळीच्या वैजनाथाला जावी.

हे सर्व बद्रीला समोर बसवून वाचून दाखवले. तो शिव्या देईल, अंगावर धावून येईल, याची मी तयारी ठेवली होती. तो म्हणाला, "आई, तुमी आजारी हाव, कायबी बोलता. म्या मंदच हाय. जमीन विठ्ठलला द्या, त्यो लई शाना हाय. अन् बंकटला कावून तरास? त्यो बी माज्यावानीच हाय."

पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा तो बैलांना पाणी पाजायला उठून गेला. मला त्याची भीती वाटली. मी केलेले माझ्याच्याने आता मोडत नाही. चौथे कलम कायम ठेवावे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: तुळजाबाई
साक्ष: दगडाबाई सुईण, अंगठा
साक्ष: पंडित पाटील, दस्तखत
लिहिणार: अंबादास पटवारी
मुक्काम नांदूरघाट, १३ खुर्दाद १३५२ फसली