न्हाणीघराला कडी नाही

प्रिय चनबसू,

अक्कलकोटात कसं चाललंय? गुडघा काय म्हणतो? माझं विचारशील तर मी रोज न्हाणीघरात कविता म्हणतो. हसू नकोस. उन्हाळ्यात फिट येऊन पडलो, तेव्हापासून सयाजीनं आतली कडीच काढून टाकली. मी शुद्धीवर आहे हे बाहेर कळावं म्हणून सूनबाई म्हणाली, ‘मामा, काहीतरी म्हणत राहा की.’ मग शाळेतल्या सगळ्या कविता निघाल्या. तू कानडी हेल काढून म्हणायचास त्यासुद्धा. डोळ्यांत साबण गेला म्हणून क्षणभर थांबलो, की विजयमाला दाराशी हजर. सत्तरी उलटलेल्या सासऱ्यानं टॉवेल धरून ओरडायचं, ‘आहे गं बाई, जिवंत आहे!’

जिना एकट्यानं उतरायचा नाही, सिद्धेश्वरच्या तळ्यावर जायचं नाही. खिडकीत बसून मागच्या बोळातल्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकतो. त्यातही कधीकधी एखाद्या कवितेची चाल सापडते, मग दुपार बरी जाते.

डोक्यात डावीकडं, बोलण्याच्या जागेला लागून, शिरांचा गुंता आहे. जन्मापासूनचा म्हणे. म्हणजे आपण एका बाकावर बसायचो तेव्हाही होता! त्यातून जरासं रक्त झिरपलं. पुण्याचे डॉक्टर म्हणतात, काढता येईल, पण वाचा जाऊ शकते. इथले म्हणतात, या वयात गोळ्या घ्या, अधूनमधून एमआरआय करून लक्ष ठेवू. पुन्हा रक्त येणारच नाही, असं मात्र सांगता येत नाही. शेजारी एक वाकडी शीर आहे, तिला कुणीच हात लावणार नाही. वाकडी असली तरी चांगल्या मेंदूतलं रक्त तीच वाहून नेते. मला ती फार आवडली.

सयाजीला ऑपरेशन हवंय, पिंकीला नको. ती मोहोळहून आली की जुंपते. ‘अगं, बाबांना विचार की!’ ‘तूच विचार की, तू थोरला!’ मी तोंड उघडेपर्यंत दोघं पुन्हा सुरू.

चनबसू, मी ठरवलंय. ऑपरेशन नको. रक्त यायचं तर येईल, पण शब्दांवाचून मला राहायचं नाही. परवा सयाजीला तसं सांगितलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं लहान पोराच्या फिरवावा तसा माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि फोनवर पिंकीला म्हणाला, ‘हे बाबा बोलत नाहीत गं, आजार बोलतोय.’ माझ्या बाजूची पिंकीसुद्धा भांडायची थांबली. आता शांत बोललो तरी आजार, ओरडलो तरी आजार. म्हणून हे लिहितोय. येत्या रविवारी ये. दोघंही घरी असतील. डॉक्टरकीचं काही बोलू नकोस. गुरुजींनी माफी माग म्हटल्यावर मी अख्खा तास बाकावर उभा राहिलो आणि माफी मागितली नाही, तेवढं सांग. म्हणावं, हा पाचवीपासून असाच आहे.

तुझाच, एका बाकावरचा,
हिंदुराव