विहिरीचा चार आणे हिस्सा आणि तीन साक्षीदार

मी, ताईबाई रुपचंद पाटील, वय ७३, धंदा शेती, ता. शिंदखेडा, जि. धुळे, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाशिवाय लिहवून घेत आहे. डॉक्टरांनी माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे. गावाला तो बावीस वर्षांपूर्वीच मिळाला.

१. गावातले राहते घर मुलगा ललित, नोकरी दीपनगर, यास द्यावे. बँकेतली ठेव ललित व मुलगी नूतन यांनी निम्मी-निम्मी घ्यावी व त्यावरून भांडू नये.

२. गट नं. ११४ ची जमीन यजमानांनी माझ्याच नावे खरेदी केली. तिच्यासोबत सामाईक विहिरीत माझा चार आणे हिस्सा आहे. बाकीचे तीन हिस्सेदार म्हणजे अभिमन नाना, हिलाल भाऊ आणि प्रेमराज आबा. आठ दिवसांच्या फेरीत प्रत्येकाची दोन दिवस मोटर चालते.

बावीस वर्षांपूर्वी यजमान वारले आणि तेराव्याच्या आत तिघांनी बसून माझा एक दिवस कापला. बाईमाणूस काय बोलणार, असे त्यांना वाटले. मी महिनाभर बोललेच नाही, तिघांना न्याहाळत राहिले. नाना तापट, पण कोणी मोठेपणा दिला की जीव टाकतात. हिलाल भाऊंना कोणाशी वाकडे नको, म्हणून शेवटी बोलेल त्याला ते होकार देतात. आबा हुशार. दोघे कुठे बसतात ते पाहून तिसरे बसतात.

मग मी पारावर, चार माणसांत, नानांना म्हणाले, “नाना, तुमना शब्द बठ्ठा गाव मानस. मना निवाडा तुम्हीच करा.”

सगळा गाव आपला शब्द मानतो म्हटल्यावर, दिवस कापणाऱ्यांत आपणही होतो हे नाना तिथल्या तिथे विसरले. “ताईबाईले दोन दिन भेटतीन. कोन नही म्हनस, ते माले सांगा.” हिलाल भाऊंनी मान डोलावली. दोघांकडे पाहून आबांनीही डोलावली. दुसऱ्या दिवशी माझ्या कपाशीला पाणी सुरू होते, आणि मी बांधावर बसून पोटभर हसले.

३. ही जमीन व विहिरीचा हिस्सा नूतनला द्यावा. ललित, तू माझा जीव आहेस, पण हातात चहाचा कप आला की तुला नाही म्हणता येत नाही. दिवाळीत आबांच्या ओट्यावर बसून तू माझ्यामागे हिस्सा त्यांना द्यायचे कबूल करून आलास. तसे झाले तर निम्मी विहीर आबांची होईल आणि नाना-भाऊंना त्यांच्या तोंडाकडे बघावे लागेल. नूतन लहानपणापासून हट्टी. त्या हट्टापायी मी तिला पुष्कळ बोलले, ते शब्द आज मागे घेते. तिला गप्प बसून समोरच्याला बोलू देता येते. हे मी तिला शिकवले नाही, तरी मला त्याचा फार अभिमान आहे.

४. मोटर खोलायचे पान्हे नूतनचेच. आबांना उसने देऊ नयेत.

५. साक्षीदारांविषयी. मी नानांकडे गेले व कलम ३ तेवढे वाचून दाखवले. म्हटले, या कागदाला गावात वजन यायला तुमचेच नाव हवे. चष्माही न शोधता त्यांनी होकार दिला. हिलाल भाऊंनी आणखी कोण सही करणार तेवढे विचारले, आणि नानांचे नाव ऐकून तेही हो म्हणाले. कायद्याला दोन साक्षीदार पुरतात, म्हणून मी तिसरा शोधला नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो बरोबर आहे. सर्वांसमक्ष मी आधी सही केली.

ठिकाण : शिंदखेडा
दिनांक : १४ फेब्रुवारी २०२६

सही : ताईबाई रुपचंद पाटील

साक्षीदार :
१. अभिमन दौलत पाटील
२. हिलाल सुका पाटील
३. प्रेमराज नथ्थू पाटील (न बोलावता आले. म्हणाले, “दोन्हीस्नी सही शे ना, मंग मनी बी लई ल्या.” घेतली.)