दोन कामांच्या मधली लॉन्ड्री

सोमवार, ३ मार्च

फोन वाजला. धावत गेलो, पायाचा अंगठा दाराला ठेचला. विमा विकणारी बाई! तिच्याशीच बराच वेळ बोललो. शेवटी तिनेच कंटाळून फोन ठेवला.

रंगाच्या कारखान्याचं काम संपलं तेव्हा वाटलं होतं, आता रांग लागेल. मालकाने पाठ थोपटली होती — "चार ठिकाणी नाव सांगतो तुमचं." सांगितलंही असेल. त्या चार ठिकाणी माझ्यावाचून काही अडलेलं नसेल.

पहिलं काम संपलं आणि दुसरं येत नाही, त्या मधल्या दिवसांत सल्लागाराने काय करायचं, हे कोणी सांगतच नाही. कार्डांचा गठ्ठा तसाच पडलाय. 'व्यवस्थापन सल्लागार'. छपाई मात्र सुरेख आहे.

बुधवार, ५ मार्च

स्वयंपाकघरातले डबे वापराच्या क्रमाने लावले. दुपारभर राबलो. बायको हॉस्पिटलमधून ड्यूटी संपवून आली. "साखर कुठंय?" म्हटलं, वरच्या फळीवर, कमी लागते म्हणून. "मला लागते!"

सगळे डबे पुन्हा होते तिथे.

"काहीतरी काम शोध रे बाबा, नाहीतर मला वेड लावशील." हसत म्हणाली. पण म्हणाली.

शुक्रवार, ७ मार्च

जुन्या साहेबांचा फोन. "तुझी खुर्ची रिकामी ठेवलीय. महिनाअखेरपर्यंत थांबतो, मग दुसरा माणूस घेणार." मी रुबाबात — "कळवतो साहेब, सध्या जरा गडबडीत आहे." हातात झाडू होता!

परत गेलो तर ऑफिसात टोमणे मारतील. ते घेईन ऐकून. पण मग मला हे जमतं की नाही, ते कधीच कळणार नाही. त्याचीच भीती वाटते.

रविवार, ९ मार्च

ताई आली होती. माझी थोरली बहीण. भावजी गेल्यापासून लॉन्ड्री एकटीच चालवते. आत बायकोशी बराच वेळ कुजबुज चालली होती. निघताना चपला घालता घालता म्हणाली, "माझ्या दुकानाचं जरा बघ ना. काही धड चाललेलं नाही."

"ताई, चेष्टा करू नकोस हं."

"चेष्टा कसली? लोकांना शहाणपण शिकवतोस, सख्ख्या बहिणीला नको? रोज जेवायला घालीन."

काम मिळालं! बहिणीचं का असेना! दाढी केली. संध्याकाळी!

मंगळवार, ११ मार्च

दुकानात कोपऱ्यात स्टूल टाकून बसलो. माझी पद्धत ठरलेली आहे — आधी विचारायचं नाही, नुसतं बघायचं. विचारलं की माणसं आपल्याला बरं वाटेल तेच सांगतात. रंगाच्या कारखान्यात याच पद्धतीने गोदामाचा घोळ पकडला होता मी.

ताई मधेच म्हणाली, "काही विचारायचंय का?"

"नंतर. तू तुझं काम कर. मी इथे नाहीच असं समज."

"एवढा मोठा देह, नाही कसा समजू?"

शुक्रवार, १४ मार्च

चमत्कारिक आहे. लोक येतात, धुतलेले कपडे घेतात, ताईशी गप्पा मारतात आणि जातात. नवे कपडे कोणीच टाकत नाही! काल एक बाई चादरींचं मोठं गाठोडं घेऊन आल्या. ताई त्यांना बाहेर घेऊन गेली, हळू आवाजात काहीतरी बोलणं झालं आणि बाई गाठोड्यासकट परत. मी टिपलं — गिऱ्हाईक परत गेलं, दर परवडत नसावा.

हँगरची दांडी रोज थोडी रिकामी होतेय. ताई निवांत आहे. इस्त्री थंड. तिला कळत नाहीये का?

बुधवार, १९ मार्च

कसंही मांडलं तरी उत्तर एकच. दुकान बंद करायला हवं.

हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? भावजींनी लावलेलं दुकान. माझी कॉलेजची फीसुद्धा याच इस्त्रीवर निघाली. आणि मी जाऊन म्हणू, ताई, कुलूप लाव?

दुसरा अहवालही लिहून पाहिला — घरपोच सेवा, नवी पाटी, झकास रंग. वाचायला छान वाटतो. खोटा आहे. पण तो दिला तर ती खूश होईल, मीही सुटेन. मग मी कसला सल्लागार? साहेबांकडेच गेलेलं बरं.

शनिवार, २२ मार्च

सांगितलं.

चांगलं मोठं भाषण ठरवून गेलो होतो, तोंडातून एवढंच आलं — "ताई, बंद कर दुकान." ती शर्टाची घडी घालत होती. घडी पूर्ण केली. मग — "बरं. तू म्हणतोस तर करते." इतकंच! रडली नाही, भांडली नाही. रडलो मीच. तिने पदराने माझं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं. "अरे वेड्या, एवढं काय त्यात!"

घरी येऊन साहेबांना फोन केला. म्हटलं, खुर्ची द्या दुसऱ्याला. आवाज अजिबात कापला नाही. बायको बघतच राहिली!

मंगळवार, २५ मार्च

ताईच्या शेजारचा बेकरीवाला रस्त्यात भेटला. "झालं का तुमचं काम? मग आता भिंत पाडायला घेऊ?"

कसली भिंत?

"ताईंनी गाळा मला जानेवारीतच दिला की! नवे कपडे घेणंही तेव्हापासून बंद केलं. पण मध्यंतरी म्हणाल्या, थोडं थांबा, धाकट्याच्या हाताला काम नाहीये, त्याचं एवढं होऊ द्या."

म्हणजे गिऱ्हाईक मी होतो!

तडक दुकानात गेलो. चिडायचं ठरवून गेलो होतो. ती शेवटचे हँगर बांधत होती. माझ्याकडे बघितलं आणि समजली. बांधतच राहिली. पहिल्या दिवशी विचारायचा तो प्रश्न मी आज विचारला —

"ताई, तुला काय हवं होतं?"

"सकाळची झोप," म्हणाली. "तुझ्यापायी ती पण लांबली, मेल्या!"