डावा गुडघा

अकोला,
ता. १४ जानेवारी १९५९

ती. देवमनदादास,
रुख्मिणीचा नमस्कार.

तुझं कार्ड गुरुवारी मिळालं. इकडे सासूबाईंची तब्येत बरी आहे. थंडी फार पडली आहे. आज संक्रांत. तुला तिळगूळ पाठवलेला नाही, आणि गोड बोल असंही लिहिणार नाही.

तू विचारलंस, जावईबापूंचा पाय कसा आहे. पाय गुडघ्यातून वाकत नाही. डॉक्टर म्हणाले, प्लास्टर निघाल्यावर काठीने चालतील, पण कबड्डीचं नाव काढू नका. कापसाच्या जिनात यांचं काम उभ्याचं, ते पुढे कसं होईल कोणी सांगत नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. जेवलात का विचारलं तर हो म्हणतात, ताट तसंच असतं.

त्याच कार्डात खाली तू लिहिलंस, "खेळात असं व्हायचंच, पण रणझुंजारचं नाव राहिलं." हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. तू आयुष्यात कधी मैदानात उतरलास रे? तुझ्या गुडघ्याला कधी माती लागली नाही. बारा वर्षं अमरावतीच्या रणझुंजार मंडळाचा नुसता झेंडा धरून कोपऱ्यात उभा राहिलास, घसा फोडलास, अचलपूरच्या पोरांची डोकी फोडलीस, आणि ते सगळं मंडळासाठी म्हणून घरात मिरवलंस. तुझे हिरवे झेंडे मीच शिवून द्यायची. माझं लग्न अकोल्याला, नवतेज मंडळाच्या खेळाडूशी ठरलं तेव्हा तू आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीस. "पोरगी नवतेजवाल्यायच्या घरी देऊन राहिले," असं बाबांना म्हणालास. सगळे हसले होते. मीही हसले होते.

सामन्याच्या त्या रविवारी मी बायकांच्या सतरंजीवर बसले होते. गुण बरोबरीत होते आणि वेळ संपत आली होती. हे चढाईला गेले. तेवढ्यात तुमच्या बाजूने आवाज आला, "डावा! डावा धर!" पहिल्यांदा एकच आवाज होता. दादा, तुझा आवाज मी जन्मापासून ऐकते आहे. मग दोनशे माणसं ओरडायला लागली, डावा, डावा. तुमचा कॅप्टन जानराव एरवी कंबर धरतो, हे अख्ख्या वऱ्हाडाला ठाऊक आहे. त्या दिवशी तो सरळ डाव्या गुडघ्यावर पडला. त्याच्यावर आणखी दोघे पडले. हे ओरडले, तेव्हा तुमची माणसं थाळ्या बडवत होती आणि तू झेंडा खांद्यावर घेऊन नाचत होतास. मी उठून धावले. तू मला पाहिलंस. नाचायचा थांबला नाहीस.

आता ऐक, इकडे काय झालं ते. तुला कोणी सांगितलं नसेल.

यांचा गुडघा सरकतो हे तिघांनाच माहीत होतं. यांना, मला आणि नत्थुजींना. नत्थुजी म्हणजे नवतेजचे म्हातारे मालिशवाले. वीस वर्षं झाली, पोरांचे पाय चोळतात, लचक उतरवतात, यांच्या गुडघ्याला पट्टा बांधून वरून पायजमा घालायला लावायचे, म्हणजे कोणाला दिसू नये. सामन्यानंतर मंगळवारी मंडळाची माणसं त्यांना घेऊन आमच्या दारात आली. गळ्यात जुन्या चपलांची माळ होती. यांची खाट मुद्दाम ओट्यावर आणली, यांना दिसावं म्हणून. मंडळाचा सेक्रेटरी श्रावण म्हणाला, "बोल म्हाताऱ्या, अमरावतीवाल्यायले काहून सांगतलं?"

नत्थुजी म्हणाले, "मी कोनालेच नाई सांगतलं. सूर्यभान, तू तरी बोल ना बाबू."

यांनी मान दुसरीकडे केली. यांना खरंच वाटत होतं की म्हाताऱ्यानेच घात केला.

मी दाराच्या आड उभी होते. नत्थुजींनी यांच्यावरून नजर काढली आणि दाराकडे पाहिलं. दादा, त्यांना कळलं. तिघांपैकी कोण उरतं ते त्यांना कळलं, आणि त्यांनी माझं नाव घेतलं नाही. खाली मान घातली. त्यांना तसंच टिळक रोडपर्यंत फिरवलं. मी आत जाऊन पीठ मळलं.

भाऊबीजेला मी तुला का सांगितलं होतं ते आठवतं? मला रोज भीती वाटायची, म्हणून सांगितलं. म्हटलं, दादा, तुझ्या ओळखीचा तो हाडवैद्य आहे ना, त्याला विचार, हे कोणापुढे बोलायला तयार नाहीत. तू म्हणालास, "विचारतो. डावाच ना?" मी म्हटलं, हो, डावाच. तू पुन्हा विचारलंस आणि मी पुन्हा सांगितलं. ओवाळणीचं ताट अजून माझ्या हातात होतं.

तुझं कार्ड आलं त्या दिवशी मी यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, मारतील, निदान माहेरी जा म्हणतील. हे म्हणाले, "आता बोलून काय करतं? नत्थुजी तं मंडळातून गेलेच. तू काहून बदनाम होतं?" त्यांचा गुडघा मी मोडला आणि ते मला वाचवत होते. पण म्हाताऱ्याची माळ तशीच राहिली, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. तुमच्यात आणि आमच्यात फरक आहे असं मी पाच वर्षं समजत होते.

मला ते सहन झालं नाही. शुक्रवारी श्रावणला घरी बोलावलं आणि त्याच्यासमोर सांगितलं की घात माझ्या तोंडून झाला, नत्थुजींना मानाने परत आणा. तो चिडला नाही. मांडी घालून बसला. म्हणाला, "वहिनी, आनतो त्यायले. चौघात टोपी-टॉवेल देऊन आनतो. तुमचं नावबी निघनार नाई. पन आता तुमी कोनाच्या, ते दाखवा."

मी चहा ठेवला. दूध नव्हतं, शेजारून आणलं. साखर जास्त पडली.

चहा घेताना त्याने विचारलं, "जानरावचं काई दुखनं-खुपनं?"

दादा, मी सांगितलं. जानराव बैलगाडीवरून पडला होता, तेव्हापासून त्याचा उजवा खांदा निखळतो. हात वर करून मागे ओढला की बाहेर येतोच. माहेरच्या आपल्या गल्लीत चौघांना माहीत आहे, त्यातली मी एक. सांगताना मला वाईट वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल. त्या क्षणी बरं वाटलं. तुझा नाचतानाचा चेहरा डोळ्यांपुढे होता. श्रावण उठला तेव्हा हसत होता, आणि आत खाटेवर हेही हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी माणसं टॉवेल-नारळ घेऊन नत्थुजींकडे गेली. त्यांनी दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मले आता कोनाचाच पाय दाबाचा नाई." नारळ त्यांच्या पायरीवर ठेवून सगळे परत आले. म्हणजे जानरावचा खांदा मी दिला तो कशासाठीच नाही.

पंचवीस तारखेला परतवाड्याला तुमची आमची गाठ आहे. इथे रोज संध्याकाळी चौघे मिळून एकच पकड घोटतात. एकाचा हात वर करून मागे ओढतात, बाकीचे टाळ्या वाजवतात. आमच्या ओट्यावरून दिसतं. हे खाटेवरून सांगतात, अजून वर घ्या.

जानरावला परतवाड्याला खेळू देऊ नकोस. त्याचा मला राग आहे, तो जाणार नाही. पण तो हमालपुऱ्यात पोती उचलतो, हात गेला तर घर जाईल.

तुझे लोक म्हणतील, अकोलेवाल्यांनी बाईकडून लिहवून घेतलं, आपला कॅप्टन बाहेर बसावा म्हणून. तूही तेच म्हणशील. तू हे पत्र फाडशील आणि त्याला खेळवशील, आणि काही झालं तर तेवढाच जोरात ओरडशील. म्हणून हीच हकीकत मी जानरावच्या आईला, मैनाकाकूंना, वेगळ्या पत्राने कळवली आहे. त्यांना वाचता येत नाही, पण पोस्टमन वाचून दाखवतो. सगळी गल्ली ऐकेल. भाऊबीजेचंही ऐकेल.

पुढच्या भाऊबीजेला येऊ नकोस. मीही येणार नाही. आईला विचारायचं असेल तर तूच सांग का ते.

अमरावतीला नको झालेली, अकोल्यालाही नको असलेली,
रुख्मिणी